त्याची जिरवायची, की आपलं परत मिळवायचं?

पत्र

ताई, सांगली जिल्ह्यात माझी द्राक्षबाग आहे. वडील कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांच्या दवाखान्याच्या बिलाला माझ्या थोरल्या चुलतभावाने हातभार लावला होता. वर्षभराने ‘वारसाच्या नोंदीचे कागद आहेत’ म्हणून तो आम्हाला तालुक्याला घेऊन गेला, तेव्हा मी, आई आणि बहीण, तिघांनी न वाचता सह्या केल्या. पुढे पीककर्जासाठी उतारा काढला तेव्हा कळलं की ते हक्कसोडपत्र होतं. विहिरीकडची अडीच एकर त्याच्या नावावर गेली. हे कळून सव्वादोन वर्षं झाली. विचारायला गेलो तर म्हणाला, ‘सही कुणाची आहे?’ भावकीत हसं झालं.

मी त्याच्या रानाकडे जाणारी वाट चर मारून बंद केली. तो तहसीलला गेला, निकाल माझ्या विरोधात लागला. चाळीसेक हजार गेले. यंदा तारखांच्या नादात ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या चुकल्या आणि निम्मी बाग दावण्या रोगाने खाल्ली. झोप नाही, बीपीची गोळी सुरू झाली. आता त्याच्या मुलीचं लग्न ठरतंय. कॉलेजातल्या एका मुलासोबतचा तिचा फोटो माझ्या हाती आलाय. तो निनावी पत्रासोबत मुलाकडच्यांना पाठवायचा. एवढं केलं की माझा जीव थंड होईल. बायको नको म्हणते. बारावीतला मुलगा म्हणतो, पप्पा, पाठवाच. माझं चुकतंय का?

— एक वाचक

उत्तर

नमस्कार. फोटो पाठवू नका. कारणं पुढे सांगते, पण हे आधी सांगून टाकते, कारण तुमचं पत्र मला मिळेपर्यंतच आठवडा गेला असणार आणि अशा गोष्टी रात्री अकरानंतर होऊन जातात.

तुमचं मूळ पत्र पाच पानी होतं, इथे आटोपशीर करून छापलं आहे. ते मी दोनदा वाचलं. त्यात अडीच एकराबद्दल, कागदाबद्दल, वकिलाबद्दल मिळून पाच-सहा ओळी आहेत. वकिलाचा उल्लेख तर तहसीलच्या प्रकरणापुरताच. बाकी सगळीकडे तो: त्याची नवी गाडी, त्याने गणपतीला दिलेली वर्गणी, चावडीवर तो कसा बसतो, तुमच्याकडे बघून कसा हसतो. तुमच्या बहिणीचं नाव एकदाच येतं, सहीच्या वेळी. तिचाही हिस्सा गेलाय. तिला काय वाटतं, हे पत्रात कुठेच नाही.

फसवणूक झाली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घरात दुखवटा असताना, उपकाराच्या ओझ्याखाली, विश्वासातल्या माणसाने सही घेतली. ‘झालं गेलं विसरा, मोठ्या मनाने माफ करा’ असं मी म्हणणार नाही. अडीच एकर बागायत आणि विहीर विसरायला सांगणारा माणूस बहुतेक वेळा शहरात भाड्याने राहत असतो. तुमचा राग मला रास्त वाटतो. तो ज्या कामाला जुंपलाय, ते काम मात्र त्या माणसाच्या सोयीचं आहे.

म्हणजे कसं, ते कागदावर बघा. फसवून करून घेतलेला दस्त रद्द करून मागायचा असेल तर मुदत कायद्यानुसार तीन वर्षांत दिवाणी दावा दाखल करावा लागतो. ही तीन वर्षं सर्वसाधारणपणे फसवणूक कळल्या दिवसापासून मोजतात. तुम्हाला कळून सव्वादोन वर्षं झाली. उरली पाऊण. त्यातही समोरचा वकील म्हणणारच, की सही करायला तुम्ही स्वतः दुय्यम निबंधकासमोर उभे होता, तेव्हा तुम्हाला त्याच दिवसापासून सगळं ठाऊक होतं. म्हणून एकेक महिना महागाचा आहे. आणि या सव्वादोन वर्षांत दिवाणी न्यायालयात तुम्ही एक कागदही दाखल केलेला नाही! चर मारलात, तहसीलच्या तारखा केल्यात, फोटो मिळवलात. तुमच्या चुलतभावाला वकिलाने विचारलं असतं की तुमच्यासाठी सगळ्यात उत्तम काय होईल, तर त्याने हेच सांगितलं असतं: तो असाच चिडलेला राहू दे, मुदत निघून जाऊ दे.

चराचं प्रकरण तर नमुनेदार आहे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते आणि अडथळा काढण्याचा हुकूम होतो. शंभर वर्षांपेक्षा जुना कायदा आहे, गावोगाव वापरात आहे, तुमच्या भावाला तो माहीत होता. झालं काय, तर फसवले गेलात तुम्ही आणि सरकारी कागदावर पहिल्यांदा प्रतिवादी म्हणून नाव लागलं तेही तुमचंच. उद्या दिवाणी न्यायालयात हाच निकाल तो पुढे करील: ‘साहेब, बघा, त्रास कोण देतंय.’ ज्या गावाला ‘बिचाऱ्याला फसवलं’ एवढंच माहीत होतं, ते आता म्हणतं, ‘दोघंही सारखेच.’ भावकीच्या भांडणात हे वाक्य एकदा पडलं की लबाडाचं अर्धं काम होतं. कुठल्याही फसवणाऱ्याला आपण साव ठरावं अशी अपेक्षा नसते, समोरचाही आपल्यासारखाच ठरला तरी त्याला पुरतं.

आता बागेचं. दावण्या कुणाच्या भांडणासाठी थांबत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस किंवा दव पडलं की फवारणीचा एक दिवस चुकला तरी चालत नाही. तुम्ही तारखेला तालुक्याला होता. निम्मी बाग म्हणजे किती रुपये, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. चाळीस हजार लिहिले, कारण ते त्याच्यामुळे गेले असं म्हणता येतं. बागेचं नुकसान कुणाच्या नावावर टाकायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता आलेलं नसावं, असा माझा अंदाज आहे.

तुम्ही लिहिलंय, ‘रात्री पडल्या पडल्या त्याची कशी जिरवायची हे ठरवत बसतो, तेवढंच बरं वाटतं.’ ते खरंच वाटत असणार. झुरिकच्या संशोधकांनी 2004 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. पैशाच्या खेळात विश्वासघात झालेल्या माणसांना समोरच्याला दंड करायची मुभा दिली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. दंड ठरवताना मेंदूतला जो भाग चाळवला, तो बक्षिसाच्या अपेक्षेने चाळवणारा भाग होता. ज्यांच्यात तो जास्त चाळवला, ते समोरच्याला शिक्षा करण्यासाठी स्वतःच्या खिशातले जास्त पैसे मोजायला तयार होते. तुमचे चाळीस हजार कुठे गेले, याचा हा एक हिशेब म्हणता येईल.

पण ती गोडी ठरवण्यापुरती असते. कार्लस्मिथ, विल्सन आणि गिल्बर्ट या तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली असाच एक खेळ मांडला. गटातला एकजण इतरांना ‘सगळे मिळून पैसे घालू’ म्हणायचा आणि स्वतः ऐनवेळी हात आखडता घ्यायचा. काहींना त्याला दंड करता येत होता, काहींना ती सोयच नव्हती. ज्यांना नुसता अंदाज विचारला होता, त्यांना वाटलं होतं की दंड केल्यावर बरं वाटेल. निघालं उलटं. दंड केलेल्यांची मनःस्थिती दंड न करता आलेल्यांपेक्षा वाईट होती. ज्यांना काहीच करता आलं नाही, त्यांनी त्या माणसाला मनातून काढलं आणि आपल्या कामाला लागले. ज्यांनी दंड केला, ते नंतरही त्याचाच विचार करत राहिले. आणि गंमत अशी की या दुसऱ्या गटाला तरीही वाटत होतं, दंड केला नसता तर याहून वाईट वाटलं असतं.

प्रयोगशाळेतले चार पैसे आणि विहिरीकडची अडीच एकर यांची बरोबरी मी करत नाही. पण तुमच्याकडे तुमचाच प्रयोग आहे ना! चर मारलात त्या संध्याकाळी जीव थंड झाला होता का? झाला असेल तर किती दिवस? मग फोटोने तो कायमचा थंड होईल हे कशावरून?

महाभारतातला अश्वत्थामा आपल्याकडे लहानपणी भेटतो तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा. नर्मदेच्या परिक्रमेला जाऊन आलेल्या कुणाकडून तरी आपण हे ऐकलेलं असतं. पण तो तिथे कसा पोहोचला, हे आपण भराभर सांगून टाकतो. त्याची तक्रार खरी होती. त्याच्या बापाला फसवून मारलं होतं. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणारा साक्षात धर्मराज होता आणि द्रोणांनी त्याच्यावर विश्वास ठेवून शस्त्र टाकलं होतं. विश्वासाच्या माणसाच्या शब्दावर झालेला घात, म्हणजे तुमच्यासारखाच. पुढे युद्ध संपलं त्या रात्री त्याला झोप येत नाही. वडाखाली पडल्या पडल्या तो बघतो की एक घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारतंय, आणि त्याला युक्ती सुचते. तो पांडवांच्या शिबिरात शिरतो. पाचही पांडव त्या रात्री तिथे नव्हतेच. होती द्रौपदीची पाच मुलं, झोपलेली. सूड पुरा झाला, पण ज्यांनी द्रोणांना फसवलं होतं ते जिवंत राहिले. आज अश्वत्थाम्याच्या बापावर झालेला अन्याय कुणी आधी सांगत नाही, त्या रात्रीचं मात्र सगळ्यांना पाठ असतं.

तुमच्या निनावी पत्राच्या वाटेवरही तो चुलतभाऊ नाही. तिथे त्याची मुलगी आहे, तुमची पुतणी. तुम्ही तालुक्याला सही केलीत तेव्हा ती शाळेत असेल. तिला हक्कसोडपत्र म्हणजे काय हे आजही माहीत नसेल. ती तुम्हाला काका म्हणते, असं तुम्हीच पत्रात एका ठिकाणी लिहून गेलात. लग्न मोडलं तर तुमची अडीच एकर परत येणार नाही, तिच्या बापाच्या नावावरच राहील. वर त्याला गावाची सहानुभूती मिळेल, जी आज त्याच्याकडे अजिबात नाही.

आणि निनावी पत्र गावात निनावी राहत नाही. अक्षर, शब्द, कुणाकडे तो फोटो होता, कुणी कुणाला पाठवला, हे सगळं आठवड्यात बाहेर येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली अब्रुनुकसानीबद्दल दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. फोन पोलिसांच्या हाती गेला तर त्यात काय काय निघेल, याचा विचार तुम्ही केला आहे असं दिसत नाही. पत्रात पुढे एक ओझरतं वाक्य आहे, ‘नाहीतर त्याच्यावर एखादी केस टाकतो.’ खोटी तक्रार करून कुणाला गुन्ह्यात अडकवणं हा त्याच संहितेच्या कलम 248 खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही आत आणि तो विहिरीवर मोटर लावून बसलेला, हे चित्र तुम्हालाच मान्य होणार नाही.

आता एक अवघड गोष्ट विचारते. सगळ्यात जास्त राग कुणाचा येतोय? त्याने ‘सही कुणाची आहे?’ विचारलं, हे वाक्य तुमच्या पत्रात चार वेळा आलंय. दर वेळी मला वाटलं, हा माणूस ते त्याच्या तोंडून ऐकत नाहीये, स्वतःच्या तोंडून ऐकतोय. आपण शिकलेले, बँकेचे कागद वाचणारे, आणि आईला व बहिणीला घेऊन गेलो आणि वाचलं नाही. त्याची जिरवली की ही बोच जाईल असं तुम्हाला वाटतं. ती त्याच्याकडे नाहीच, तर तिथून काढणार कशी? वडील जाऊन वर्ष झालेल्या माणसाने, ज्या भावाने दवाखान्याचं बिल भरलं त्याच्या समोर कागद तपासून बघितला नाही, यात मूर्खपणा कमी आणि माणुसकी जास्त होती. कुणी आजवर हे तुम्हाला म्हटलं नसेल, म्हणून मी म्हणते.

आता कामाचं बोलू. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण तुम्ही पत्रात वापरली आहे. ही म्हण फसवणाऱ्यांची फार लाडकी आहे. तिच्या आधाराने त्यांची पचलेली जमीन पचलेलीच राहते. बांधावरच्या एका हातासाठी, नाकासाठी, कोर्टात जाऊ नये हे खरं. तुमचं प्रकरण तसलं नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या हक्कसोडपत्राची प्रमाणित प्रत आणि सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढा. साक्षीदार कोण होते, दस्त कुणी लिहिला, ते बघा. त्या दिवशीचं जे आठवतं ते आई, बहीण आणि तुम्ही वेगवेगळं लिहून काढा, एकमेकांचं न बघता. दवाखान्याची बिलं, त्याने दिलेले पैसे, तुम्ही परत केले असतील तर त्याचा पुरावा, हेही जमवा. फेरफार झाला म्हणून सगळं संपलं असं जे भावकीत सांगितलं जातंय ते चूक आहे. फेरफाराची नोंद महसुलासाठी असते, तिच्याने मालकी ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय. खरा प्रश्न त्या दस्ताचा आहे आणि तो दिवाणी न्यायालयातच सुटेल. दाव्यासोबत मनाईचा अर्जही करायला सांगा, म्हणजे मधल्या काळात जमीन तिसऱ्याला विकली जाणार नाही. हे सगळं तहसीलच्या वकिलापेक्षा दिवाणी काम करणाऱ्या वकिलाला दाखवा.

खर्चाची धास्ती असेल तर दाव्यात वादी म्हणून आई आणि बहीणही असणार आहेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तालुका न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे अर्ज मिळतो. तुमच्या आईचं वय तुम्ही चौऱ्याहत्तर लिहिलंय. त्या खोलीत काय सांगून सही घेतली हे त्यांना नीट आठवतंय, तोवर त्यांची साक्ष व्हायला हवी. फोटोच्या मागे लागलेल्या महिन्यांत ही गोष्ट राहून गेली आहे.

दावा दाखल झाला की तडजोडीचं बोलणं बहुधा तिकडून येईल. आज तो हसतोय कारण त्याला गमावण्यासारखं काही नाही. मनाई लागली, विहिरीकडच्या रानावर कर्ज मिळेनासं झालं, की हसू ओसरतं. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचा दर्जा असतो, त्यावर अपील होत नाही आणि कोर्ट फी परत मिळते. कदाचित अडीचपैकी दीड एकर आणि विहिरीच्या पाण्याची पाळी एवढ्यावर मिटेल. तेव्हा तुमच्या मनात एक विचार येईल: मिटवायचं कशाला, तो पुरता बुडाला पाहिजे. त्या वेळी बहिणीला विचारा. ती तिच्या हिश्श्याचा विचार करील, त्याच्या हसण्याचा नाही. मला तरी तुमच्या घरात या व्यवहाराला सगळ्यात योग्य माणूस तीच वाटते.

मुलाबद्दल. ‘पप्पा, पाठवाच’ म्हणणारा मुलगा तुम्हाला साथ देतोय असं वाटून तुम्हाला बरं वाटलं, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय. त्याची बारावी आहे. सव्वादोन वर्षं तो जेवताना रोज हेच ऐकतोय. तुम्ही फोटो पाठवला नाहीत तरी त्याच्या फोनवर तो आहे का, हे आज विचारा. असेल तर त्याच्यासमोर आधी तुमच्या फोनमधला पुसा, मग त्याला पुसायला सांगा. त्याला दाव्याचे कागद वाचायला द्या. सूची दोन म्हणजे काय, उतारा कसा वाचायचा, हे त्याला आलं पाहिजे. उद्या त्याच्यासमोरही कुणीतरी घाईचा कागद सरकवणार आहे.

बीपीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. झोपेचंही त्यांच्याशी बोला, रात्री दोनला बागेत फेऱ्या मारण्यापेक्षा ते बरं. आणि एप्रिलच्या छाटणीच्या तारखा वकिलाला आधीच सांगून ठेवा, दिवाणी तारीख पुढे घेता येते.

तुमच्या ताज्या कलमातला प्रश्न राहिला: लग्नाची पत्रिका आली तर काय करायचं? दावा चालू असलेल्या माणसाच्या मांडवात जाऊन हसतमुख बसायची तुमच्यावर सक्ती नाही. पण आईंना जावंसं वाटलं तर त्यांना अडवू नका. मुलीच्या हातावर शंभर रुपये ठेवायचे की पाचशे, तेही त्यांनाच ठरवू दे.